मोबाइलचा अँटेना गेला कुठे?



या सदरातून आम्ही बहुधा दाखले, शाळाप्रवेश, पतपेढीचे हप्ते अशाच विषयांवर लिहीत असतो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल. पण तोही दाखल्यांच्याच कामातून निघाला आहे.

कचेरी सुटल्यावर आमच्या राजूरच्या वस्तीतील मुलामुलींचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही करतो. यंदा एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा राहिला होता आणि तो शेवटचा दिवस होता. वडील जालन्याला सळईच्या कारखान्यात, आई कापूस वेचणीला. आई घरी परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. आम्ही त्यांच्याच घरी जाऊन बसलो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक, सारे हाताशी होते. अडले होते ते एकाच गोष्टीवर. आईच्या मोबाइलवर सहा आकड्यांचा ओटीपी यायचा होता आणि तो येत नव्हता. एकदा मागितला, दोनदा मागितला, तीनदा मागितला. मुदत संपून जाई, आकडा काही येईना.

"भाऊ, आमच्या घरात रेंजच नाही येत," आई म्हणाली. "आमचं नशीबच तसं."

मुलीने मोबाइल उचलला आणि ती अंगणात हातपंपापाशी जाऊन उभी राहिली. मिनिटभरात तीनही मेसेज एकापाठोपाठ एक वाजले. चौथा ओटीपी तिने तिथूनच ओरडून सांगितला, आम्ही आत बसून तो भरला आणि रात्री साडेदहाला अर्ज दाखल झाला.

मग चहा झाला. कप उचलता उचलता मुलीने विचारले, "काका, आधी टीव्हीचा अँटेना घरावर दिसायचा म्हणतात. मग मोबाइलचा अँटेना कुठं हाय?"

आमचे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. तिने खतावणी विचारली असती तर चटकन सांगितले असते. हे मात्र सांगता आले नाही. पुढे महिनाभर पुस्तके चाळली, जालन्याला मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाच्या टपरीवर बसून उघडलेले मोबाइल पाहिले. जे समजले ते आज येथे मांडतो. कारण तो प्रश्न एकट्या त्या मुलीचा नाही.

घरावरचा अँटेना

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. वस्तीत एखाद्याच घरी टीव्ही असे. घरावर लोखंडी पाइप आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांचा तो सांगाडा. आमच्या बाजूचे अँटेना म्हैसमाळच्या डोंगरावरील मनोऱ्याकडे, म्हणजे मावळतीकडे तोंड करून असत. वारा सुटला की अँटेना फिरे आणि चित्रात मुंग्या येत. मग एक जण वर चढे, एक दारात उभा राही. "आलं का?" "नाही, अजून थोडं!" "आता?" "बस बस, राहू दे तिथंच!"

त्या काड्यांची रचना जपानमधील उदा आणि यागी या दोन संशोधकांनी १९२६ साली मांडली. दूरदर्शनने जुन्या पद्धतीचे ते प्रक्षेपण आता जवळपास सगळीकडे बंद केले आहे. पण त्या काळची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चित्र खराब झाले तर कोणी नशिबाला दोष देत नव्हते. अँटेना डोळ्यांसमोर असे, त्यामुळे काय करायचे ते लहान पोरालाही कळे.

लाटेचे माप

अँटेना केवढा असावा, हे कारखानदाराच्या मर्जीवर नसते. ते लाटेच्या लांबीवर ठरते. बिनतारी संदेश लाटांवरून येतो आणि त्या लाटा प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. हिशेब अगदी सोपा आहे. ३०० या आकड्याला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागावे. लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. साधी काडी चांगली चालायची तर तिची लांबी त्या लाटेच्या निम्मी किंवा पाव असावी लागते. बासरीसारखेच आहे हे. लांब बासरीचा सूर खालचा, आखूड बासरीचा वरचा.

आता हिशेब करून पाहू. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी वर्षानुवर्षे ५५८ किलोहर्ट्झवर लागत आली. तिच्या लाटेची लांबी भरते सुमारे ५३८ मीटर. पाव लाट घेतली तरी १३४ मीटर! म्हणूनच अशा केंद्रांना उंच मनोरे लागतात. एफएम रेडिओ १०० मेगाहर्ट्झच्या आसपास. लाट ३ मीटर, तिचा पाव हिस्सा ७५ सेंटिमीटर. रेडिओची ओढून लांब करायची काडी जवळपास तेवढीच असते, हे ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याने मोजून पाहावे. मोबाइल ९०० मेगाहर्ट्झवर असेल तर लाट ३३ सेंटिमीटर आणि पाव हिस्सा सव्वाआठ सेंटिमीटर. १८०० वर तो चार सेंटिमीटरच्या आसपास येतो.

म्हणजे अँटेना लहान करण्याचा पहिला मार्ग हा, की लाटच आखूड घ्यायची. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात बिनतारी लाटांचा जाहीर प्रयोग करून दाखवला, तेव्हा त्यांच्या संशोधनातील लाटा काही मिलिमीटर इतक्या आखूड होत्या आणि त्यांची साधने मेजावर मावत होती.

तबकड्यांचेही असेच झाले. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. परदेशाशी टेलिफोन जोडणाऱ्या त्या केंद्राची तबकडी सुमारे ३० मीटर व्यासाची, म्हणजे शंभर फुटांच्या आसपास होती. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीटीएच सेवा सुरू झाली; आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. तिला दोन फुटांची तबकडी पुरते. उपग्रह जास्त ताकदीचे झाले आणि लाट अडीच सेंटिमीटरपर्यंत आखूड झाली, म्हणून हे जमले. शिवाय घरची तबकडी फक्त ऐकते, तिला उलट बोलायचे नसते.

पण त्याच नारायणगावजवळ खोडद व आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली ही महाकाय दुर्बीण आकाशातून येणाऱ्या रेडिओ लाटा ऐकते. त्या लाटा लांब आणि अतिशय क्षीण असतात, म्हणून तेथे आकार कमी करून चालत नाही. या तबकड्यांना अखंड पत्रा नाही, तारेची जाळी आहे. जाळीची भोके लाटेच्या मानाने फार लहान असली की लाटेला ती जाळी भिंतीसारखीच लागते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे पत्र्याच्या घराशी तिचा संबंध येणार आहे.

वाकवून, गुंडाळून, दडवून

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या काळच्या मोबाइलला वर शेंडीसारखा अँटेना असे. १९९९ साली आलेल्या नोकिया ३२१० सारख्या मोबाइलने तो पोटात दडवला आणि तेव्हापासून लोकांना वाटू लागले की अँटेना गेलाच.

तो गेलेला नाही. उलट एकाचे पाच-सहा झाले आहेत. बोलण्याचा व इंटरनेटचा, वाय-फायचा, जीपीएसचा, असे निरनिराळे. दुरुस्तीवाल्या मुलाने आम्हाला मागचे प्लास्टिक काढून दाखवले. कडेने सोनेरी रंगाच्या पातळ पट्ट्या वळणे घेत गेल्या होत्या. "हेच अँटेना, काका," तो म्हणाला. धातूच्या कडेच्या मोबाइलवर बारीक रेघा दिसतात ना? त्या शोभेच्या नाहीत. त्या जागी धातू तोडून प्लास्टिक भरलेले असते आणि मधला धातूचा तुकडा अँटेना म्हणून काम करतो.

जागा वाचवण्याच्या युक्त्या थोडक्यात अशा. तार सरळ न ठेवता नागमोडी वळवायची किंवा स्प्रिंगसारखी गुंडाळायची. पोलिसांच्या वॉकी-टॉकीच्या आखूड रबरी अँटेनात अशीच गुंडाळलेली तार असते. दुसरी युक्ती, अर्धे काम मोबाइलच्या आतील धातूच्या सांगाड्याकडून करून घ्यायचे. तिसरी युक्ती चिनी मातीसारख्या पदार्थाची. अशा पदार्थात शिरल्यावर लाट आखूड होते. जीपीएसच्या लाटेची लांबी हवेत १९ सेंटिमीटर. निम्मी म्हटली तरी साडेनऊ. पण अशा वडीवर बसवलेला जीपीएसचा चौकोनी अँटेना अडीच सेंटिमीटरचा पुरतो. गाडीच्या काचेवरील फास्टॅगमध्येही पातळ धातूची पट्टी अशीच वळवून चिकटवलेली असते.

जुन्या ट्रान्झिस्टरची युक्ती तर सर्वांत गमतीची. ५३८ मीटरची लाट तो बोटाएवढ्या काळ्या कांडीवर पकडत असे. त्या कांडीला फेराइट म्हणतात, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. बातम्या नीट येईनात की वडीलधारी माणसे रेडिओ फळीवर आडवा-उभा फिरवत, तो खरे तर ही कांडी फिरवण्याचा प्रकार होता. एवढ्याशा कांडीच्या हाती फारच थोडी लाट लागते. पण रेडिओला फक्त ऐकायचे असते आणि ऐकलेले आतल्या आत वाढवता येते. मोबाइलला ऐकायचेही असते आणि बोलायचेही असते. तिथे खरी अडचण सुरू होते.

लहानपणाची किंमत

अमेरिकेतील व्हीलर यांनी १९४७ साली आणि चू यांनी १९४८ साली गणित मांडून दाखवले, की लाटेच्या मानाने अँटेना फार लहान केला तर काहीतरी सोडावेच लागते. लहान आकार, रुंद पट्टा आणि पुरेपूर ताकद या तीन गोष्टी एकदम मिळत नाहीत. पगार तेवढाच आणि खर्चाची खाती तीन, असा हा प्रकार आहे. एका खात्यात वाढवले की दुसऱ्यात कमी करावेच लागते. पट्टा अरुंद झाला तर इंटरनेटचा वेग पडतो. ताकद कमी झाली तर बॅटरीतून निघालेली वीज लाट होऊन बाहेर न पडता आतच उष्णता होऊन जाते.

यावर उपाय शोधणे चालू आहे. २०१७ साली अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी निराळाच अँटेना जाहीर केला. त्यात रेडिओची लाट आधी सूक्ष्म पापुद्र्याला ध्वनीसारखी थरथरवते. ध्वनीची लाट त्याच सुराला कितीतरी आखूड असते, म्हणून तो अँटेना नेहमीच्यापेक्षा दहापट ते शंभरपट लहान करता आला. प्रयोगशाळेत हे जमले. पण आपल्या हातातील मोबाइल अजून सोनेरी पट्ट्यांवरच चालतात.

मग मोबाइलने सोडलेले भरून कोण काढतो? टॉवर काढतो. टॉवरवर माणसाएवढ्या उंचीच्या पेट्या दिसतात, ते अँटेना असतात. टॉवर मोठ्याने बोलतो आणि कानही मोठे ठेवतो. फोरजी मोबाइलची बोलण्याची ताकद जास्तीत जास्त पाव वॅटच्या आत असते. म्हणून टॉवर जवळ लागतो. मोबाइलवरच्या रेंजच्या कांड्या फक्त मोबाइलला टॉवर किती ऐकू येतो ते सांगतात. टॉवरला मोबाइल ऐकू येतो की नाही, ते सांगत नाहीत. कांड्या असून कॉल लागत नाही, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण गर्दीचे. अंगारकी चतुर्थीला राजूरला यात्रेकरूंचा पूर लोटतो, तेव्हा कांड्या असतात पण टॉवरवर जागा उरत नाही.

आता त्या मुलीच्या घराकडे येऊ. चारी बाजूंनी पत्रा आणि वरही पत्रा. खोडदची जाळी जर लाटेला भिंतीसारखी लागते, तर हा तर अखंड पत्रा! लाट दारातून, फटीतून जेवढी येईल तेवढीच. आत मोबाइल क्षीण लाट ऐकतो, उत्तर द्यायला पूर्ण ताकद लावतो, ताकदीतला मोठा भाग पत्र्यात अडकतो आणि बॅटरी मात्र भराभर उतरते. सिमेंटच्या स्लॅबच्या घरातही लाट कमी होते, पण एवढी नाही. म्हणजे एकच कंपनी, एकच रिचार्ज, एकाच किमतीचा मोबाइल. पण पत्र्याच्या घरातील मुलीचा ओटीपी उशिरा येतो आणि स्लॅबच्या घरातील मुलाचा वेळेवर. याला नशीब म्हणून कसे चालेल?

काय करावे

घरातल्या घरात करण्यासारख्या गोष्टी अशा. मोबाइल कपाटात, पत्र्याच्या पेटीवर किंवा लोखंडी खाटेवर ठेवू नये. दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीला कापडी पिशवी अडकवून तीत ठेवावा. धातूचे कव्हर वापरू नये. बोलताना मुठीने पूर्ण झाकू नये, कारण अँटेना कडेला असतात. २०१० साली आयफोन ४ या महागड्या मोबाइलचीही खालची डावी कड हाताखाली गेली की रेंज पडत असे, आणि कंपनीला फुकट कव्हर द्यावे लागले होते. नवे घर बांधणाऱ्यांनी टॉवरच्या बाजूला एखादी खिडकी काढता आली तर काढावी. शेजारी वाय-फाय असेल तर मोबाइलमध्ये वाय-फाय कॉलिंगची सोय आहे का ते पाहावे.

बाजारात रेंज वाढवण्याच्या सोनेरी चिकटपट्ट्या मिळतात. त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. पट्टी चिकटवून अँटेना मोठा होत नाही. परवानगीशिवाय बूस्टर यंत्र बसवणे तर बेकायदा आहे, आणि त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही रेंज बिघडते.

टॉवरच्या किरणांची भीती अनेक भगिनी बोलून दाखवतात. भीती वाटली तर प्रश्न विचारलाच पाहिजे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली आणि दूरसंचार विभागाकडे मोजणीची मागणी करता येते. पण हेही ध्यानात घ्यावे, की टॉवर जितका दूर तितका आपला मोबाइल जास्त ताकदीने बोलतो, आणि तो कानाशी असतो.

आणि शेवटचे, आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने फोरजी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी योजना मंजूर केली. चांगली गोष्ट आहे. परंतु मोजणी गावाची होते. गावात रेंज पोहोचली की गाव पोहोचले. गावाच्या टोकाची वस्ती आणि वस्तीतले पत्र्याचे घर त्या नोंदीत वेगळे दिसत नाही. ते आपणच दाखवले पाहिजे. त्यासाठी तोंडी बोलून भागत नाही. शंभर पानी वही घ्यावी. तारीख, वेळ, जागा, कंपनी, घरात किती कांड्या, अंगणात किती, ओटीपी किती मिनिटांनी आला, असे रकाने आखावेत. महिनाभर नोंद करावी. कंपनीकडे तक्रार करून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. निकाल समाधानकारक नसेल तर तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. वहीची नक्कल जोडून ग्रामसभेत ठराव मांडावा. आमचा कचेरीतला अनुभव असा, की तोंडी तक्रार विसरली जाते. रकाने आखलेला कागद मात्र कोणाला तरी उत्तर द्यायला लावतो.

आमच्या वस्तीतील वही त्याच मुलीने सुरू केली आहे. पहिल्या पानावर तिने स्वतःच्याच घराची नोंद केली: घरात शून्य कांडी, चौकटीपाशी दोन, हातपंपापाशी चार. मोबाइल आता चौकटीला टांगलेला असतो. तिच्या आईने परवा आम्हाला विचारले, "भाऊ, वरच्या पत्र्यात एक प्लास्टिकचा पत्रा बसवला तर लाट आत येईल का?" येईल, असे आम्ही सांगितले. उजेडही येईल.

शिष्यवृत्ती अजून मंजूर व्हायची आहे. ती झाली की कळवूच. ज्यांचे अर्ज बाकी असतील त्यांनी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. आणि आपल्या वस्तीतील रेंजच्या नोंदी आमच्याकडे जरूर पाठवाव्यात.